दोनची लाइन

बॉलपेनमधली रिकामी रीफिल काढून जयेशनं तिचं तोंड वाकलेल्या पिनेवर चढवलं आणि श्वास रोखून पिन सरळ केली. पन्नास पिनांच्या त्या रुंद केबलमध्ये हीच एक वाकलेली होती, पण डिस्क न चालायला एक पुरते. केबल डिस्कला लावून त्यानं चार डिस्कांच्या साखळीच्या शेवटच्या टोकाला टर्मिनेटरचं बूच बसवलं आणि बटण दाबलं. जुनी डिस्क आधी कण्हली, मग फिरायला लागली.

"चल पड़ी?" खन्नानं दारातून विचारलं.

"चल पड़ी. छूना मत."

खन्नानं दोन्ही हात वर केले. तो जयेशचा साहेब होता, पण या खोलीत आला की पाहुण्यासारखा वागायचा. गुडगावातल्या त्या काचेच्या इमारतीत शंभरेक माणसं कामाला होती आणि सगळ्यांना नवीन मशीन चालवता येत होती. 'स्कझी' म्हणतात त्या जुन्या जोडणीच्या डिस्क मात्र एकट्या जयेशचं ऐकायच्या. एका परदेशी बँकेच्या अशा चार डिस्क होत्या. त्यांतलं सगळं वाचून आज रात्रीच्या आत मुंबईच्या ऑफिसला पोचवायचं होतं, कारण उद्या तिथलं जुनं मशीन कायमचं बंद व्हायचं होतं. आजवर असा माल टेपांवर भरून कुरियरनं जायचा. या वेळी तो पहिल्यांदाच नव्या भाड्याच्या टेलिफोन लाइनवरून जाणार होता. खन्ना आठवडाभर सगळ्यांना हे सांगत हिंडत होता.

टेबलावरचा फोन वाजला. त्याची बायको सुरुची होती. जयेशनं आपला मोबाइल तिच्याकडे ठेवला होता, कारण ती गेले चार दिवस हॉस्पिटलात बाबांजवळ बसून होती.

"जयेश, बाबा आज बोलतायत."

"अच्छा? काय म्हणतात?"

"सकाळपासून तुझंच नाव. म्हणतात, जयेशला काहीतरी सांगायचंय. मी म्हटलं, मला सांगा, तर नाही म्हणाले. त्यालाच सांगायचंय म्हणे. तू कधी निघतोस?"

जयेशनं पडद्याकडे पाहिलं. चारही डिस्क मिळून सात जीबी माल. लाइन दोनची. सात हजाराला दोननं भागलं की साडेतीन हजार सेकंद.

"तासाभराचं काम आहे. संपलं की लगेच निघतो. जेवायच्या वेळेच्या आत तिथे असेन, बघ."

"थांब, तूच सांग त्यांना."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. मग श्वास. थंडीत आलेल्या पक्षाघाताच्या पहिल्या झटक्यापासून बाबांच्या जिभेवर प्रत्येक शब्द लांबून चालत यायचा.

"कि... ती?"

"काय किती, बाबा?"

"डेटा."

जयेशला हसू आलं. माणूस दुसऱ्या झटक्यातून उठून बसतोय आणि विचारतोय काय, तर डेटा किती.

"सात जीबी. आणि लाइन दोनची, तुमची नेहमीची. तासाभरात संपेल, की आलोच."

पलीकडे शांतता पसरली. बाबा शब्द शोधत असले की अशीच शांतता असायची. सुरुची अशा वेळी मटार सोलत थांबून राहायची, पाच मिनिटं लागोत की दहा. जयेशला ते कधीच जमलं नव्हतं. तो बाबांचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायचा, आणि बाबांना काही वेगळं म्हणायचं असलं तरी ते मान हलवून गप्प बसायचे.

"हो, लाइन चांगली आहे, बाबा. बिल्कुल काळजी करू नका. ठेवतो आता."

त्यानं फोन ठेवला.

जयेशचे बाबा, भालचंद्र, टेलिफोन खात्यात ट्रान्समिशनला होते. गावोगावचे बोलणारे आवाज गोळा करून दूरच्या गावांना पोचवायचे, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. माणसाच्या आवाजाला चौसष्ट किलोबिट पुरतात, असं ते सांगायचे. प्रधानमंत्री असो की पेन्शनर, प्रेमात असो की भांडत असो, चौसष्टच. असे तीस आवाज एकत्र बांधले की दोनची लाइन होते. जयेश लहान असताना लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये जेवताना हे रोज त्याच्या कानावर पडायचं. बाकीच्या घरांतली मुलं अडीचकी म्हणायची, तेव्हा हा चौसष्टाचा पाढा म्हणायचा.

खात्यातल्या आणखी एका गोष्टीची घरात चेष्टा व्हायची. लाइन बंद पडली की नंतर कारण लिहावं लागायचं. कुणी झोपेत चुकीची तार उपटलेली असायची, कुणी कार्ड उलटं बसवलेलं असायचं. भालचंद्र प्रत्येक वेळी एकच कारण लिहायचे, लाइन फॉल्ट.

"तुमच्या खात्यात माणूस कधी चुकतच नाही का हो?" जयेशची आई अहिल्या विचारायची.

"लाइनला मेमो देता येत नाही," भालचंद्र म्हणायचे. "तिची बढतीही अडत नाही. लिहून टाकायचं आणि त्या गाढवाला बाहेर बोलावून चहा पाजायचा."

जयेश मोठा झाला, इंजिनियर झाला आणि त्याच खात्यात लागला. सगळं कसं आखल्यासारखं झालं होतं. सरकारी क्वार्टरचा एक नियम होता: बाप निवृत्त होताना मुलगा सरकारी नोकरीत असला आणि त्याच घरात राहत असला, तर घर मुलाच्या नावावर होऊ शकायचं. अहिल्या वारली तीही त्याच घरात. तिनं कुंडीत लावलेला कढीपत्ता मागच्या अंगणात फोफावून जमिनीत उतरला होता. भालचंद्रांना आता कुठे जायचं नव्हतं, आणि जावं लागणारही नव्हतं.

त्यांच्या निवृत्तीला थोडे महिने उरले असताना जयेशनं राजीनामा दिला. नव्या कंपन्या येत होत्या, पगार तिप्पट होता, आणि थांबलो तर जागा जाईल असं त्याला वाटलं. घराचं त्याच्या लक्षात नव्हतं असं नाही. होतं. त्यानं स्वतःला समजावलं की गुडगावात मोठा फ्लॅट घेऊ, लिफ्ट असेल, बाबांना आराम पडेल.

भालचंद्र एक शब्द बोलले नाहीत. सामान बांधलं, कढीपत्ता जमिनीतून निघेना म्हणून तिथेच सोडला आणि नव्या फ्लॅटमध्ये येऊन राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. जयेश कित्येकदा मनाशी वाक्यं जुळवून त्यांच्या खोलीत गेला आणि पंख्याचा वेग कमी करून परत आला.

मग एकदा जेवताना भालचंद्रांनी आपणहून विचारलं, "तुझी ती स्कझी किती धावते?"

"सेकंदाला वीस," जयेश म्हणाला.

"आमच्या भाषेत सांग."

टेलिफोनवाले बिटांत मोजतात आणि कॉम्प्युटरवाले बाइटांत. आठ बिटांचा एक बाइट. दोघेही नुसतं 'दोन' म्हणतात, 'वीस' म्हणतात, पुढचं नाव कुणी उच्चारत नाही, कारण आपापल्या लोकांत ते सगळ्यांना ठाऊक असतं.

"वीस आठे एकशे साठ," जयेश म्हणाला.

"म्हणजे आमच्या ऐंशी लाइनी. चोवीसशे माणसं एकदम बोलतायत तुझ्या त्या पट्ट्यातून. आणि बोलतायत काय, तर खातेदारांचे पत्ते!"

त्या दिवसापासून हा खेळच झाला. जयेश एखादी नवी डिस्क सांगायचा, भालचंद्र तिची माणसं करून दाखवायचे. सुरुची म्हणायची, तुम्ही बापलेक दुसरं काही बोलत का नाही? दोघेही हसायचे आणि दुसरं काही बोलायचे नाहीत. घराचा विषय ताटाभोवती फिरत राहायचा. जयेशला एकच ऐकायचं होतं: राग गेला की नाही. ते विचारायला त्याला चार वर्षं सवड झाली नव्हती.

आणि आता बाबांना त्यालाच काहीतरी सांगायचं होतं.

तास होत आला तेव्हा त्यानं गाडीची किल्ली खिशात टाकली, केबलवरून एकदा हलकेच बोट फिरवलं आणि पडद्यासमोर वाकला. किती माल गेला ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी अजून एका कोपऱ्यातच होती. लाइन अडकली की काय म्हणून त्यानं मोडेमचे दिवे पाहिले. दिवे व्यवस्थित लुकलुकत होते. डिस्क फिरत होती. सगळं जसं चालायला हवं तसं चाललं होतं. फक्त आठवा हिस्सा गेला होता.

आठवा हिस्सा.

जयेश खुर्चीत बसला. हा हिशेब त्याला शिकवायला लागावा असा तो नव्हता. या हिशेबावर तो वाढला होता. पण गेली चार वर्षं त्याचं सगळं काम डिस्कवरून डिस्कवर होतं, तिथे दोन म्हणजे दोन बाइटच. लाइन समोर आली आणि त्यानं तिलाही आपल्याच मापानं मोजलं. दोनची लाइन, तुमची नेहमीची, असं त्यानं स्वतःच्या तोंडानं बापाला सांगितलं आणि आठनं गुणायला विसरला. आता हे संपायला संध्याकाळ होणार होती.

"क्या हुआ?" खन्ना आला होता.

"टाइम लगेगा. शाम तक."

"तूने तो घंटा बोला था."

"गलत बोला था."

खन्नानं पट्टीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तेरे पापा हॉस्पिटल में हैं ना? तू जा यार. मैं बैठता हूँ."

"बीच में डिस्क बैठ गई तो?"

ते खरं होतं. ही डिस्क मध्येच थांबली तर पुन्हा पहिल्यापासून, आणि ती पुन्हा उठवणं दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. उद्या मुंबईचं मशीन बंद झालं की सगळंच संपलं. जयेशनं किल्ली खिशातून काढली, परत ठेवली. शेवटी त्यानं फोन उचलला. काय सांगायचं ते जुळवत त्यानं आपल्याच मोबाइलचा नंबर फिरवला.

"सुरुची, ऐक ना, मला जरा..."

"उशीर होणार आहे ना?" ती म्हणाली. "होऊ दे. बाबा म्हणालेत, काम पुरं करूनच ये. घाईत गाडी चालवू नको म्हणालेत."

"कसे आहेत?"

"बरे आहेत. आत्ताच मोसंबीचा रस घेतला थोडा. डॉक्टर म्हणाले, स्टेबल आहेत."

"नक्की ना?"

"अरे हो. तू ये आरामात."

जयेशचा जीव भांड्यात पडला. उशीर होणार हे तिला आधीच कसं कळलं, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. माणसाला हवं ते उत्तर मिळालं की तो प्रश्न विचारत नाही. त्यानं किल्ली टेबलावर ठेवली आणि डबा उघडला.

दुपार लांबत गेली. बाहेर एप्रिलचं ऊन काचेवर येऊन थांबलं होतं. खाली रस्त्यापलीकडे अजून शेत शिल्लक होतं, त्यात दोन म्हशी आणि 'ऑफिस स्पेस' असं लिहिलेला फलक उभा होता. वीज गेली, जनरेटर धडधडत सुरू झाला, बॅटरीनं तेवढा वेळ निभावून नेला, आणि डिस्क फिरत राहिली. करण्यासारखं काही नव्हतं. नुसतं बसायचं होतं. बसल्याबसल्या त्याला वाटलं, या एका लाइनीवरून तीस माणसं बोलू शकतात. आपल्याला बाबांशी बोलायला त्यातला तिसावा भाग पुरला असता. त्यानं फोनकडे हातही नेला. पण बाबा झोपले असतील, आणि फोनवर बोलण्यासारखी ती गोष्ट नव्हती. संध्याकाळी समोर बसून विचारू. या वेळी वाक्य पुरं करायचं नाही, त्यांना बोलू द्यायचं, असं त्यानं ठरवलं. ठरवल्यावर त्याला बरंही वाटलं.

पट्टीचा शेवटचा तुकडा उरला होता तेव्हा फोन वाजला.

"जयेश, ये," सुरुची म्हणाली. एवढंच. तिचा आवाज अगदी साधा होता, आणि त्यावरूनच त्याला कळलं.

तो उठला. खन्ना काही न विचारता त्याच्या खुर्चीत बसला. सीमेवरच्या नाक्याजवळ ट्रकांची रांग लागली होती, महिपालपूरला कुणी कुणाला पुढे जाऊ देत नव्हतं. जयेशनं एकदाही हॉर्न वाजवला नाही. आता घाई कशाचीच नव्हती. डिस्कला शेवटपर्यंत काहीही झालं नाही. त्याच्यावाचून ती व्यवस्थित चालली, आपलं काम पुरं करून थांबली, आणि मुंबईहून खन्नाला शाबासकीचा फोनही आला. हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं.

बाबांच्या अंगावर पांढरी चादर होती आणि हात बाहेर राहिला होता. जयेश त्या हाताजवळ बराच वेळ उभा राहिला. मग सह्या, मग फोन, नाशिकच्या आत्याला, मग आर. के. पुरमच्या काकांना. सगळं झाल्यावर तो बाहेरच्या बाकावर सुरुचीशेजारी येऊन बसला. तिच्या मांडीवर त्याचा मोबाइल होता. तिनं तो पदरात धरून ठेवला होता.

"झोपेतच गेले," ती म्हणाली. "त्रास नाही झाला."

"मी चुकलो, सुरुची. हिशेबात चुकलो. आठनं गुणायचं राहिलं. सुरू करायच्या आधीच कळलं असतं, तर मी पहिल्यांदा इथे येऊन..."

"बाबांना कळलं होतं."

जयेशनं तिच्याकडे पाहिलं.

"तू फोन ठेवलास ना, तेव्हा ते बोटांनी चादरीवर काहीतरी करत होते. मला वाटलं, हात थरथरतोय. मग म्हणाले, संध्याकाळ होईल. मी म्हटलं, नाही हो बाबा, तासाभरात येतो म्हणालाय. तर हसले. आठ विसरला, म्हणाले. मला काय कळणार त्यातलं? मी म्हटलं, त्याला फोन करून सांगते. तर माझा हात धरला. नको म्हणाले. मध्ये उठला तर काम जाईल त्याचं."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"त्यांनी शपथ घातली, जयेश. आणि बरे होते रे. खरंच बरे होते."

वॉर्डातून एक नर्स ट्रॉली ढकलत आली. दोघांनी पाय आत घेतले. ट्रॉली गेली.

"दुपारी परत म्हणाले, संध्याकाळी तो आला की स्वतःला खात बसेल," सुरुची म्हणाली. "तेव्हा मला वाटलं, उशिरा आलास म्हणून खात बसशील, असं म्हणतायत. म्हणाले, त्याला एक निरोप सांग. मी जवळ जाऊन बसले. किती वेळ लागला त्यांना ते बोलायला. ओठ हलायचे आणि शब्द यायचाच नाही. मध्येच डोळे मिटायचे. मला वाटलं, झोपले. पण परत प्रयत्न करायचे."

"काय निरोप?"

"म्हणाले, त्याला सांग, लाइन फॉल्ट."

समोरच्या भिंतीवर 'कृपया शांति बनाए रखें' अशी पाटी होती. ती तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचत राहिला.

"आणि सकाळी मला सांगायचं होतं ते?" त्यानं विचारलं.

"मी विचारलं ना. म्हटलं, बाबा, त्याला जे सांगायचं होतं तेही सांगा, मी जसंच्या तसं सांगेन. त्यांनी बोलायचा प्रयत्न केला. पण या दोन शब्दांतच दमून गेले होते. मग हातानंच राहू दे म्हणाले, आणि झोपले."

खिडकीबाहेर रिंग रोडवरच्या बसेसचे दिवे लागले होते. जयेशनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले.

"मला त्यांना..." तो म्हणाला, आणि पुढचा शब्द आला नाही. ओठ हलले, पण शब्द आला नाही.

सुरुची त्याच्याकडे वळून बसली. तिनं त्याचं वाक्य पुरं केलं नाही. ती थांबून राहिली.